विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा

उत्तरवारा:

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

आम्ही नॉर्वेत स्टाव्हांगरला राहतो. मुलगी यंदा आठवीत गेली. इथली भाषा एक असली तरी ती लिहायच्या रीती दोन आहेत, बूकमोल आणि नीनॉर्स्क, आणि या वयाच्या मुलांना दुसरी रीतही शिकावी लागते. मागच्या मंगळवारी मी भाकरी थापत होते आणि ती ओट्याशेजारी बसून नीनॉर्स्कचा धडा वाचत होती. मधेच थांबली आणि म्हणाली, "आई, विंदू म्हणजे वाऱ्याचा डोळा आहे!"

विंदू म्हणजे खिडकी. नऊ वर्षं झाली, दिवसातून दहादा हा शब्द तोंडात येतो. पण तो बूकमोलमधला झिजलेला शब्द. नीनॉर्स्कच्या पुस्तकात तो अख्खा छापला होता: विंदाउगे. विंद म्हणजे वारा, आउगे म्हणजे डोळा. माझा हात पिठातच राहिला, कारण पाठोपाठ दुसरी गोष्ट डोक्यात आली. इंग्रजीतला 'विंडो' तो हाच. पहिलीत डब्ल्यू फॉर विंडो म्हणून घोकलेला.

पुढचे चार दिवस मी या एका शब्दामागे होते. जे हाती लागलं ते मांडते.

जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे इकडच्या नॉर्वे-डेन्मार्कातल्या जुन्या बोलीत, शब्द होता विंदाउगा. तो इंग्लंडला गेला व्हायकिंगांबरोबर, म्हणजे इकडच्या दर्यावर्दी लढवय्यांबरोबर. इ.स. 865 मध्ये त्यांचं मोठं सैन्य तिकडे उतरलं, पुढच्या वर्षी यॉर्क घेतलं, आणि 878 मध्ये आल्फ्रेड राजाकडून हार खाल्ल्यावरही ते मागे फिरले नाहीत. पूर्व आणि उत्तर इंग्लंडात जमिनी कसायला लागले, तिथेच संसार थाटले. म्हणून त्यांचे शब्द इंग्रजांच्या थेट स्वयंपाकघरात आणि माजघरात शिरले. एग, नाइफ, केक, स्किन, लेग, सगळे नॉर्स. हजबंडसुद्धा. हूस म्हणजे घर आणि बोंदी म्हणजे घरदार, शेती असलेला माणूस. आपल्या आज्या नवऱ्याला 'घरधनी' म्हणायच्या, अगदी तेच.

लिखित इंग्रजीत हा शब्द तेराव्या शतकापासून दिसतो, विंडोगे, विंडोहे, विंडोवे अशा नाना रूपांत. 'आउगा'तला ग घासत घासत व झाला आणि शेवटी तोही नुसता ओठांच्या गोलाईपुरता उरला. आपल्याकडे नगरचं 'नेर' झालं, संगमनेर, पारनेर, अमळनेर, तशातलंच हे. दोन स्वरांच्या कचाट्यात सापडलेला ग फार दिवस तग धरत नाही.

त्याआधी इंग्रजांचा स्वतःचा एक शब्द होता आणि खरं सांगते, मला तो जास्त आवडला. एआगथ्युरेल. एआग म्हणजे डोळा, थ्युरेल म्हणजे आरपार भोक. हा शब्द गेला, पण त्याचा शेपटाकडचा तुकडा अजून जिवंत आहे: नॉस्ट्रिल. नाकाचं भोक, नोस-थ्युरेल. आणि अंगावर काटा येतो त्याला 'थ्रिल' म्हणतात तोही याच घरातला, मुळात त्याचा अर्थ भोसकून आरपार जाणं. आणखी मागे गेलं तर गॉथिक भाषेत (जर्मन-इंग्रजीच्या कुळातली, आता लोपलेली) खिडकीला औगदौरो म्हणत, डोळा-दार. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपनं बायबल गॉथिकमध्ये आणलं, त्यात संत पॉलला दमास्कसच्या तटाच्या खिडकीतून टोपलीत बसवून खाली सोडतात त्या जागी हा शब्द आहे.

रविवारी मुलीला घेऊन उल्लानहाउगला गेले. शहरातच टेकडीवर लोहयुगातलं, साधारण इ.स. 350 ते 550 या काळातलं शेतघर उत्खननाच्या जागीच पुन्हा उभं केलंय. लांबच लांब घर, दगडांच्या बुटक्या जाड भिंती, मधोमध जमिनीवर जाळ. आत शिरल्यावर पहिला मिनिटभर काही म्हणजे काही दिसेना. धुरानं डोळे चुरचुरायला लागले. मग हळूहळू वरून आलेला उजेडाचा एक पट्टा दिसला, त्यात धूर वळवळत वर चाललेला. मुलगी त्या पट्ट्याखाली जाऊन उभी राहिली आणि तिचे केस हलले. मी इतके दिवस समजत होते की खिडकी म्हणजे घराचा डोळा, आपण त्यातून बाहेर बघतो. तिथे बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, वर नुसतं आभाळ. वाराच आत डोकावत होता.

आता तुमच्याकडून हवंय ते असं. गवाक्ष, वातायन, झरोका, खिडकी हे आपले शब्द यांच्याशी कसे जुळतात? आणि तुमच्या गावी, तुमच्या आजीच्या घरी, भिंतीतल्या किंवा छपरातल्या भोकाला काय म्हणायचे?

जुनीपोथी:

ताई, चाळीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, पण या बाजूनं विचार कधी केला नव्हता. धाग्याबद्दल मनापासून आभार.

तुमच्या विंदाउगाचे दोन्ही अर्धे आपल्या घरात आहेत, फक्त वेगवेगळ्या खोल्यांत. अमरकोशात खिडकीला दोन शब्द एकाला एक लावून दिलेत: वातायन आणि गवाक्ष. वातायन म्हणजे वाताचं अयन, वारा जायची वाट. गवाक्ष म्हणजे गो अधिक अक्ष, गाईबैलाचा डोळा. एकानं वारा धरला, दुसऱ्यानं डोळा. नॉर्स लोकांनी दोन्ही एकत्र गुंफले.

हे अर्थापुरतं झालं. शब्दांचं रक्ताचं नातंही आहे. विंद, इंग्रजीतला विंड, लॅटिन व्हेंतुस आणि आपला वात (वातावरण, वातानुकूलित, वातविकार यांतला) एकाच धातूपासून आलेत. आउगा, जर्मन आउगे, इंग्रजी आय, लॅटिन ओकुलुस आणि आपला अक्षि हेही एकाच मुळाचे. गॉथिक औगदौरोमधला दौरो म्हणजे इंग्रजी डोअर, आणि तो आपल्या द्वारचा, म्हणजे रोजच्या 'दार'चा भाऊ. त्या गॉथ माणसाचा शब्द मराठीत बसवायचा तर 'अक्षिदार' होईल.

गवाक्षात तर दुहेरी योग आहे. गो आणि इंग्रजी काऊ हेही सख्खेच.

प्रश्नचिन्ह:

सर, म्हणजे हे शब्द संस्कृतातूनच युरोपात गेले असं म्हणायचं का? आमच्या ग्रुपवर रोज असं काही ना काही येतं, म्हणून विचारतोय.

जुनीपोथी:

नाही, तसं नाही. नीट सांगतो, कारण यात गल्लत फार होते.

वात आणि विंड ही आई-लेकरं नाहीत, चुलत भावंडं आहेत. दोघांची आजी एक होती, ती भाषा लिहून ठेवलेली नाही, तिच्या नातवंडांची तोंडं ताडून पाहूनच तिचा चेहरा काढावा लागतो. तिच्याकडून वारा, डोळा, दार, गाय हे शब्द सगळ्यांना वाटणीत मिळाले. खिडकी मात्र मिळाली नाही. खिडकीचा समाईक असा जुना शब्द या कुळात सापडत नाही. जो तो जिथे घर बांधू लागला तिथे त्यानं वाटणीतले तुकडे जोडून आपापला शब्द घडवला. म्हणून गॉथ म्हणाले डोळा-दार, नॉर्स म्हणाले वारा-डोळा, आपण म्हणालो वाऱ्याची वाट आणि गाईचा डोळा. रशियन, पोलिश लोकांनी नुसत्या डोळ्यावर भागवलं: ओको म्हणजे डोळा, ओक्नो म्हणजे खिडकी.

कोणी कोणाचं उचललं असं ठरवण्यापेक्षा मला यातलं हे वेगवेगळं सुचणं फार मोलाचं वाटतं. हजारो कोसांवर बसलेल्या माणसांना भिंतीतलं भोक बघून डोळाच आठवला.

नेढ्यातला:

वाचता वाचता उठून उभा राहिलो.

राजगडाच्या सुवेळा माचीवरचं नेढं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. कातळात आरपार भोक, दहाबारा माणसं सहज बसतील एवढं. मे महिन्यात भर दुपारी घामाघूम होऊन तिथे चढून बसलो आणि असा वारा लागला की डोक्यावरची टोपी पलीकडच्या दरीत गेली. त्या जागेला वाऱ्याचा डोळा हेच नाव शोभेल.

आणि गंमत बघा. नेढं म्हणजे मुळात सुईचं भोक, दोरा ओवायचं. इंग्रजीत त्याला सुईचा डोळा म्हणतात. उत्तरवाराताई, नॉर्वेजियनमध्ये काय?

उत्तरवारा:

इथेही डोळाच, नोलेओय्ये. आइसलँडिकमध्ये नाउलाराउगा, शेवटी तोच आउगा.

कुडाची_भिंत:

मी म्युनिकला असतो. जर्मनमध्ये सुईच्या भोकाला नाडेलओर म्हणतात, त्यातला 'ओर' हा त्यांच्या कानाच्या शब्दाचा भाऊ. इंग्रजांनी सुईला डोळा दिला, जर्मनांनी कान.

पण मला बोलायचंय ते फेन्स्टरबद्दल. जर्मन ही एवढी सख्खी जर्मानिक (इंग्रजी, नॉर्वेजियन यांच्या कुळातली) भाषा, आणि तिच्यात खिडकीचा शब्द मात्र लॅटिन, फेनेस्त्रा. डचमध्ये व्हेन्स्टर, स्वीडिशमध्येही फोन्स्टर. जुन्या जर्मनमध्ये ओउगातोरा होता, गॉथिकसारखाच डोळा-दार, तो पुसला गेला. असं का झालं असावं याचं उत्तर जर्मन घरातल्या बाकीच्या शब्दांत आहे असं मला वाटतं.

जर्मनमध्ये भिंतीला दोन शब्द आहेत. बाहेरची दगडविटांची भिंत ती माउअर. आतली, खोलीची भिंत ती वांड. माउअर लॅटिन मुरुस. वांड अस्सल जर्मानिक, आणि तो 'विंडन' म्हणजे वळणं, गुंफणं या क्रियापदापासून आलाय. (हा विंडन वेगळा, वाऱ्याशी त्याचा संबंध नाही.) म्हणजे त्यांच्या भिंती फांद्या विणून वर माती लिंपलेल्या होत्या. आपला कूड! रोमन आले आणि त्यांनी दगडविटांचं बांधकाम आणलं, त्याबरोबर माउअर, विटा-कौलांचा त्सीगेल, चुन्याचा काल्क, तळघराचा केलर, खोलीचा कामर हे सगळे लॅटिन शब्द आले. त्याच गाडीतून फेन्स्टर उतरला. कुडाच्या भिंतीतलं भोक आणि चिरेबंदी भिंतीतली चौकटीची, काच लावलेली खिडकी, या दोन वेगळ्या वस्तू होत्या. नवी वस्तू आपलं नाव घेऊन आली. रोमन राज्य ज्या उत्तरेत पोचलंच नाही तिथे, नॉर्वे-डेन्मार्कात, जुना वाऱ्याचा डोळा टिकला.

उत्तरवारा:

दादा, हे फारच सुंदर. तरी एक गोष्ट खटकते. इंग्लंडात रोमन साडेतीनशेहून जास्त वर्षं होते. मग तिथे फेन्स्टर का नाही?

कुडाची_भिंत:

होता की. जुन्या इंग्रजीतही लॅटिनवरून घेतलेला होता, मग नॉर्मन राज्यात फ्रेंचकडून फेनेस्टर पुन्हा आला आणि सोळाव्या शतकापर्यंत विंडोच्या शेजारी नांदला. पण रोमन गेल्यावर इंग्रजी बोलणारे लोक तिथे आले, त्यांची घरं पुन्हा लाकूड, कूड, मातीची. रोमन घरात ते कधी राहिलेच नाहीत. दोन शब्दांत शेवटी शेतकऱ्याचा शब्द जिंकला. फेनेस्टरची आठवण आज इंग्रजीत ज्या थोड्या शब्दांत आहे त्यातला एक डीफेनेस्ट्रेशन, म्हणजे माणसाला खिडकीतून बाहेर फेकणं. 1618 मध्ये प्रागच्या किल्ल्यातून दोन कारभारी आणि त्यांचा एक चिटणीस असे फेकले गेले, तिघेही जगले, पण त्यातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं.

कोकणकूस:

कूड हा शब्द वाचून आजोळचं घर आठवलं. गुरांच्या गोठ्याला कारवीचा कूड होता, शेणामातीनं सारवलेला. त्याला खिडकी ठेवायची गरजच नसायची. जिथे लिंपण सुटलं तिथून वारा यायचा.

फिरस्ता:

डब्लिनहून लिहितोय. आयरिश भाषा जर्मानिक नाही, केल्टिक. तरी इथे खिडकीला फुइन्योग म्हणतात आणि तोही विंदाउगाच आहे. डब्लिन वसवलंच व्हायकिंगांनी, 841 मध्ये. स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये उन्याग. वेल्श लोकांनी मात्र लॅटिन घेतला, फेनेस्टर. म्हणजे कोणाच्या दाराशी आधी रोमन आला आणि कोणाच्या दाराशी व्हायकिंग, हे त्यांच्या खिडकीवरून ओळखता येतं.

शिंपला:

गोव्यात आम्ही जनेल म्हणतो. पोर्तुगीज जनेला. तो आला लॅटिन यानुआवरून, यानुआ म्हणजे दार, त्याचं लाडकं लहान रूप. म्हणजे जनेल हे 'छोटं दार'.

माझ्या आजोबांच्या घरच्या जनेलांना काच नव्हती. चपट्या शिंपल्यांचे पातळ चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत ओळीनं बसवलेले. त्यातून बाहेरचं काही दिसायचं नाही, पण दुपारी सगळी खोली दुधासारखी उजळायची. आई अजून सांगते की एकेक तुकडा तुटला की आजोबा दुसरा घासून स्वतः बसवायचे. आता दोनच झडपा तशा राहिल्यात, बाकी काच.

जुनीपोथी:

शिंपलाताई, 'छोटं दार' वाचून खिडकीबद्दल सांगायलाच हवं. आपली खिडकीही मुळात दारच आहे. प्राकृतात खडक्की, संस्कृत कोशांत खडक्किका, अर्थ बाजूचं किंवा मागचं खासगी दार. गुजरातीत खडकी म्हणजे अजूनही घराचं किंवा 'पोळ'चं, म्हणजे गल्लीतल्या वस्तीचं, दारच. ग्रीकमध्येही थुरा म्हणजे दार आणि थुरिस, छोटं दार, म्हणजे खिडकी. वुल्फिलासमोर जो ग्रीक मजकूर होता त्यात पॉल या थुरिसमधूनच उतरतो. भाषांतर करताना वुल्फिलाच्या लोकांकडे दाराला डोळा लावलेला शब्द तयार होता, त्यानं तो वापरला. तो गॉथिक मजकूर मिलानच्या आंब्रोसियन ग्रंथालयात आहे, मूळ अक्षरं खरवडून वर दुसरंच लिहिलेल्या चर्मपत्रांवर. 1817 मध्ये आंजेलो माय या ग्रंथपालाला ती खालची अक्षरं दिसली.

लेणीवेडा:

सर, एक शंका. गवाक्षातल्या 'गो'चा अर्थ किरण असाही होतो ना? किरणांचा डोळा, उजेड यायची जागा. मला तो जास्त पटतो. खिडकीला गाईचं काय काम?

जुनीपोथी:

तसाही विग्रह जुने पंडित देतात, गो म्हणजे किरण धरून. चुकीचा म्हणणार नाही. पण मला आधीचा विग्रह खरा वाटतो, कारण आकार. तुम्ही लेण्यांवर फिरता म्हणून तुम्हालाच विचारतो, भाज्याच्या चैत्याचा दर्शनी भाग आठवा.

लेणीवेडा:

बरोबर. मागच्या पावसाळ्यातच भाज्याला होतो. मोठी नालाकृती कमान, आणि तिच्या दोन्ही बाजूंना कातळात तशाच लहान लहान कमानी ओळीनं कोरलेल्या. इ.स.पूर्व दुसरं शतक. त्यांना आम्ही चैत्य-गवाक्षच म्हणतो. कार्ल्याच्या मोठ्या कमानीतून सूर्य कलल्यावर उजेड थेट आतल्या स्तूपावर जातो, त्या छताच्या लाकडी फासळ्या अजून जागेवर आहेत. लाकडाच्या घरात जशी खिडकी करत तशीच दगडात कोरली.

आता मुद्दाम डोळ्यांसमोर आणलं. वर गोल, खाली थोडी आवळलेली, मधे काळोख. गाईचा डोळा म्हटल्यावर गाईचाच दिसतोय. माघार घेतो सर.

कुडाची_भिंत:

फ्रेंचांनाही हेच सुचलंय. गोल खिडकीला ते बैलाचा डोळा म्हणतात, आणि व्हर्सायच्या राजवाड्यात एका दालनाचं नावच ते आहे, तिथल्या लंबगोल खिडकीवरून.

मेघना_किनारी:

मी इंग्लंडच्या ईशान्येला, न्यूकासलजवळ आहे. बैलाच्या डोळ्यावरून आठवलं. जुन्या काळी काच फुंकून, गरगर फिरवून मोठी थाळी करत आणि तिचे तुकडे कापत. मधोमध जिथे फिरवायची लोखंडी सळई चिकटलेली असे तिथे जाड गाठ राही, त्या तुकड्याला इंग्रजीत बुल्स-आय म्हणतात. उजेड येतो पण पलीकडचं नीट दिसत नाही, म्हणून तो स्वस्तात जायचा.

इथून जवळच मंकवेअरमथ आणि जॅरो आहे. 674 मध्ये बेनेडिक्ट बिस्कपनं मंकवेअरमथला मठ बांधला तेव्हा काच लावणारं माणूस इंग्लंडात मिळेना, त्यानं गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून कारागीर आणवले. जॅरोच्या सेंट पॉल चर्चमध्ये एक चिमुकली गोल खिडकी आहे, उत्खननात सापडलेल्या त्या काळच्या रंगीत काचांचे तुकडे जोडून केलेली. माझ्या दोन तळहातांत मावेल एवढी. मी गेले तेव्हा बाहेर करडं आभाळ होतं, तरी निळा तुकडा पेटल्यासारखा दिसत होता. सगळ्या गावाची घरं तेव्हा काळोखी, आणि इथे भिंतीत हा निळा रंग. बघणाऱ्याला काय वाटलं असेल याचा विचार करत मी बराच वेळ बाकावर बसून होते.

आणि 1696 ते 1851 इंग्लंडात खिडक्यांवर कर होता. खिडक्या जितक्या जास्त तितका कर. लोकांनी विटा लावून खिडक्या बुजवल्या. अशी बुजवलेली चौकट दिसली की सगळे कराचंच नाव घेतात. त्यातल्या काही मात्र नुसत्या शोभेसाठी, दुसऱ्या बाजूच्या खिडकीला जोड म्हणून मुळापासूनच आंधळ्या बांधलेल्या असतात.

गोधडी:

"आंधळ्या खिडक्या" हा शब्द मनाला लागला. डोळा म्हटलं की आंधळेपणही आलंच.

माझी छोटी भर. डेझी हे फूल म्हणजे 'डेज आय', दिवसाचा डोळा. सकाळी उघडतं, रात्री मिटतं. आणि आपण उसाचा डोळा, बटाट्याचा डोळा, नारळाचे डोळे म्हणतोच. बेणं तोडताना बाबा म्हणायचे, "डोळा सांभाळून."

उत्तरवारा:

सगळ्यांचे आभार. आठवडाभर रोज रात्री मुलीला तुमचे प्रतिसाद वाचून दाखवतेय. तिनं वर्गात गवाक्ष आणि वातायन फळ्यावर देवनागरीत लिहून दाखवले.

शिंपलाताईंचं वाचून एक सांगायचं राहिलं होतं ते आठवलं. काच यायच्या आधी इकडे त्या भोकाला जनावराच्या पोटातला पातळ पापुद्रा ताणून बसवत, वासराच्या वारेचा किंवा मूत्राशयाचा. उजेड यायचा, थंडी कमी यायची. आइसलँडिकमध्ये त्या पापुद्र्याच्या खिडकीला स्क्यार म्हणत. आज आइसलँडमध्ये स्क्यार म्हणजे संगणकाचा, टीव्हीचा पडदा! ऑस्लोच्या बिग्दोयला जुनी घरं आणून उभी केलेली आहेत, तिथे छपरातल्या धुराच्या भोकावर अशी चौकट आणि ती खालून ढकलायला लांबलचक काठी पाहिली होती. त्या भोकाला योरे म्हणतात. काठीची खालची बाजू हातांनी घासून गुळगुळीत झालेली.

आता माझा दुसरा प्रश्न तसाच आहे. छपरातल्या भोकाला तुमच्याकडे काय म्हणतात? अजून कोणी सांगितलं नाही.

माळवद:

मी सांगतो ताई. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव मराठवाड्यात. माळवदाची घरं. वर लाकडी सरे, त्यावर फळ्या, त्यावर हातभर पांढरी माती. गल्लीच्या बाजूला खिडकी ठेवायचे नाहीत, भिंती दोन-अडीच हात जाडीच्या. उजेड आणि धूर यांच्यासाठी माळवदालाच भोक. आमच्यात त्याला सवणं म्हणतात, काही गावांत सानं. चुलीच्या बरोबर वर एक असायचंच.

तुम्ही ते उजेडाच्या पट्ट्यात धूर वळवळतो म्हणून लिहिलंय ना, ते मी रोज बघितलंय. सकाळी तो पट्टा उतरंडीवर असायचा, दुपारी जमिनीवर, नंतर दाराकडं सरकायचा. आजीला घड्याळ कळत नव्हतं. पट्टा उंबऱ्याला टेकला की ती गुरांच्या पाण्याला उठायची.

उत्तरवारा:

दादा, चुकलं काहीच नाही, मी ही वाट बघत होते. पाऊस आला की सवणं कसं झाकायचे? तिकडे ती काठी होती तसं काही?

माळवद:

काठी नव्हती. वर जाऊन झाकावं लागायचं. जुनं फुटकं घमेलं माळवदावरच ठेवलेलं असायचं, ते पालथं घालायचं आणि वर धोंडा. घरात मी सगळ्यात लहान, जिन्यानं पळत जायचं काम माझं. आजी हाक मारायची नाही. पहिला थेंब चुलीत पडला की चर्र वाजायचं, आणि ती नुसती वर बघायची.